डबीला झोपवायचं काम

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोतलं सामान वर चढवता चढवता पाठीचा पार भुगा झाला, तरी आज मी खूश आहे. इतका खूश की शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच रोजनिशी लिहायला बसलोय. वही बायकोने दिली. नव्या गावात एखादी नवी सवय लाव, नुसती तुणतुण करत बसू नकोस, असं म्हणाली. माझ्या इलेक्ट्रिक गिटारला ती लग्नाआधीपासून तुणतुणंच म्हणते. अर्ध्या टेम्पोत तिचा संसार होता आणि अर्ध्यात माझ्या वायरी, खोकी, गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. ड्रायव्हरने सगळं सारखंच आपटलं.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक लांबट खोली, जी भांडणाशिवाय माझ्या वाट्याला आली. तिच्या खिडकीतून खालच्या लॉन्ड्रीचं अंगण दिसतं. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत असतात आणि साबणाचा वास थेट वरपर्यंत येतो.

पिटू म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं पाच. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण पिटुकली म्हणता म्हणता पिटू झाली आणि आता खरं नाव फक्त डॉक्टरकडे निघतं. सामान यायच्या आधी ती रिकाम्या खोल्यांतून बोंबलत पळत होती, कारण प्रत्येक खोली तिला तिचाच आवाज परत देत होती. मग पलंग आला, गाद्या आल्या, कपाटं लागली आणि घुमणं बंद झालं. माझा आवाज कुठे गेला म्हणून ती हिरमुसली. बायकोने सांगितलं की पलंगाखाली जाऊन झोपला असेल. पोरगी जेवण सोडून पलंगाखाली शोधत बसली.

उद्या नव्या बँडच्या मास्तरांना भेटायचं. क्लबात आठवड्याचे सहा दिवस कार्यक्रम, पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला. लग्नांत वाजवून वाजवून दमलेल्या माणसाला आणखी काय हवं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तर म्हणजे कीबोर्डवाले आणि बँडचे मालक. दणदणीत देह, चकचकीत टक्कल, आणि बोलताना हवेत एक बोट दाबत राहतात, जणू तिथेही एखादी पट्टी आहे. माझं वाजवणं त्यांना आवडलं. माझा डिले मात्र नाही.

डिले म्हणजे पायाशी ठेवायची डबी. गिटारचा आवाज तिच्यात जातो आणि थोड्या वेळाने परत येतो, पुन्हा येतो, पुन्हा येतो. माझी डबी डिजिटल आहे. मास्तर म्हणाले की हिचे सूर झेरॉक्ससारखे आहेत, पहिला तसाच दहावा. परत येणारा सूर दर वेळी थोडा म्हातारा झाला पाहिजे, मग हळूच गेला पाहिजे. सोमवारी पहिला कार्यक्रम आहे, तोवर चांगला जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग डिले निवडून आण, असं फर्मान सुटलं. मला काय, आंधळा मागतो एक डोळा! अशी डबी निवडायला सांगणं म्हणजे माझ्यासारख्याला माहेरी पाठवण्यासारखंच आहे.

दुकान क्लबाच्या मागच्या गल्लीत सापडलं. मालकीणबाई स्वतःच दुरुस्ती करतात. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, आणि डोळे वर न करता बोलणं. त्यांनी तीन डब्या काढून दिल्या आणि रविवारपर्यंत घरी नेऊन वाजवा म्हणाल्या. दुकानात निवडलेली डबी घरी गेली की माणूस कपाळावर हात मारतो, खोली वेगळी, अ‍ॅम्प वेगळा, असा त्यांचा अनुभव. हे मला फार पटलं.

एक हिरवी, एक तपकिरी, एक राखाडी. राखाडीवर कंपनीचं नाव नाही, आकडा नाही, काही नाही. तीन नॉब, एक लाल दिवा. वीज घ्यायचं भोक कुणीतरी डिंकासारखं काहीतरी भरून बुजवलंय, त्यामुळे ती फक्त चौकोनी बॅटरीवर चालते. ही कधीची पडून आहे, पण आवाज गोड आहे, असं बाई म्हणाल्या. निघताना त्यांनी नवख्याला सांगावं तसं सांगितलं, की वाजवून झालं की आठवणीने वायर काढा, नाहीतर बॅटरी संपेल.

मला हसू आलं. हे आमच्या घरात मला सांगावं लागत नाही. या डब्यांना वेगळं बटण नसतं. गिटारची वायर आत खुपसली की डबी चालू, उपसली की बंद. पिटू तीन वर्षांची असल्यापासून ते काम तिचं आहे. माझं वाजवणं थांबलं की ती येते, दोन्ही हातांनी वायर उपसते, लाल दिवा विझला की डबीला थोपटून, झोप आता, असं म्हणते. मग माझ्याकडे बघत उभी राहते. शाब्बास म्हटल्याशिवाय हलत नाही. कधी मी विसरलो तर तशीच उभी.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायको नव्या नोकरीच्या कामाला दाताच्या दवाखान्यात गेली होती, सोमवारपासून तिला तिथल्या रिसेप्शनवर बसायचंय. पिटू आणि मी दिवसभर घरी. मी वाजवतोय, ती गिटारच्या खोक्यात बाहुलीचं घर मांडतेय. असे दिवस फार येत नाहीत.

आधी हिरवी. सूर बरा, पण मागे सतत सुरसुर, कुणीतरी कढईत काहीतरी तळत असल्यासारखी. नापास. मग तपकिरी. हिने मला जवळजवळ जिंकलंच. अ‍ॅनालॉग डबीच्या पोटात बारीकशी चिप असते. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पोचवाव्यात, तसा ती आवाज एका खणातून दुसऱ्या खणात देत नेते. प्रत्येक हातात थोडं सांडतं. म्हणून परत आलेला सूर मूळ सुरापेक्षा मऊ, मातकट असतो, त्याच्या पुढचा आणखी मातकट, आणि शेवटचा तर आहे की नाही कळत नाही. आत साठवून काहीच ठेवलेलं नसतं. वीज गेली की सगळ्या बादल्या रिकाम्या. तपकिरी डबीत हे सगळं अगदी मास्तरांना हवं तसं होत होतं.

मग राखाडी लावली, आणि मी खुर्चीतून उठलोच.

हिचा पहिला परतलेला सूर भिंतीपलीकडून आल्यासारखा, इतका बुजलेला. दुसरा जरा मोकळा. तिसरा त्याहून. पुढे पुढे तर सूर असा स्वच्छ होत गेला की मी मुळात इतकं चांगलं वाजवलं होतं का, अशी शंका यावी. उलटं चालत होतं सगळं. अशी डबी मी पाहिलेली नाही, ऐकलेली नाही. जाड तार एकदा छेडायची आणि ऐकत बसायचं, बस्स. दुपारभर तेवढंच केलं.

मध्येच सामानाच्या शिणवट्याने खुर्चीत तसाच झोपलो, गिटार मांडीवर. जाग आली तर बायको दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती. मी घोरायला लागल्यावर पिटूने वायर उपसली, डबीला थोपटलं, आणि मग मलाही थोपटून, झोप आता, म्हणाली म्हणे. तिला दोघांकडून एकेक शाब्बास मिळाली. स्वारी संध्याकाळभर ऐटीत.

उठल्यावर जाड तार जरा मेल्यासारखी वाटली. दमट हवा असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तालमीत फजिती. मास्तर म्हणाले की तुझी गिटार गोधडीत गुंडाळून आणलीस का? बाकीच्या तारा ठीक, जाड तार अगदी मुकी. जोरात ओढली तरी नुसता धप्प.

घरी येऊन ती तार बदलली. नवी घातल्याबरोबर खणखणीत. म्हणजे गिटारचा दोष नाही. जुनी तार गुंडाळी करून फरशीवर टाकली आणि कान टवकारले. काही नाही. परत उचलली, टेबलाच्या कडेवर आपटली. पोलादी तार लाकडावर आपटतेय आणि आवाज होत नाही. बायकोला बोलावून दाखवलं. तिने स्वतः आपटून पाहिली आणि कानात मळ साठलाय का बघ म्हणाली, पण तीही जरा विचारात पडली. तार कचऱ्यात टाकली.

दुपारी मजा झाली, ती मात्र लिहून ठेवायलाच हवी. माझ्या गिटारचा पिकअप, तारांखालचा आवाज पकडणारा तुकडा, जुना आहे, आतलं मेण सुटलंय, त्यामुळे तो तारांबरोबर समोरचं बोलणंही पकडतो. दुरुस्त करायचं कधीचं राहिलंय. राखाडी डबी चालू होती, आणि पिटूने गिटारला तोंड लावून सगळा जीव एकवटून हाक मारली: बाबा! अ‍ॅम्पमधून बाबा परत आलं, आधी पांघरुणातून आल्यासारखं, मग मोकळं, मग आणखी मोकळं. मी परतफेरीचा नॉब वाढवून ठेवला. तो एका जागी ठेवला की सूर मरत नाही, फिरतच राहतो. पिटू हसून हसून लोळली. डबी तिला बाबा म्हणते आणि ती डबीला, मी बाबा नाही, मी पिटू, असं समजावून सांगते.

संध्याकाळी झोपवायची वेळ झाली तर आमच्या बाईसाहेबांनी प्रथमच कामाला नकार दिला. त्याला अजून झोप आली नाही, तो बोलतोय, असं कारण. मी कशाला रडवू? अ‍ॅम्पचा आवाज अगदी बारीक केला आणि चालू ठेवली. जाईल एक बॅटरी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पिटूचा आवाज बसलाय. काल ओरडली, त्याचं हे, असं वाटलं. पण घोगरा नाही. भिंतीपलीकडून बोलल्यासारखा आहे. शेजारी बसून बोलते आणि आवाज लांबून येतो.

बायको तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. घसा स्वच्छ, ताप नाही, गाठ नाही. पण डॉक्टरांनी मध्येच विचारलं म्हणे, की पेशंट कुठेय? पिटू त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली होती. बायको मला हे सांगताना हसायला गेली आणि जमलं नाही.

सासूबाईंचा फोन आला. पिटू कितीतरी वेळ त्यांना नवं घर सांगत होती, मी शेजारीच होतो. मग तिने फोन माझ्याकडे दिला, तर सासूबाई रागावल्या. किती वेळ ताटकळत ठेवलंत, पोरीला फोन द्या की.

मागच्या खोलीत जाऊन अ‍ॅम्पचा आवाज वाढवला. बाबा. बाबा. बाबा. हुबेहूब. हाकेच्या आधी तिने घेतलेला श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचंसुद्धा ऐकू येतं. काल तिने मारली त्यापेक्षा ही हाक जास्त तिची आहे.

परतफेरीचा नॉब केसभर कमी केला. हाक जराशी विरली, आणि बाहेरच्या खोलीतून बायको किंचाळली. पिटूचा हात तिच्या हातात होता आणि एकदम हलका झाला, जणू नुसता मोजा. मी नॉब परत होता तिथे आणला.

कचऱ्यातली तार आठवली, वायर उपसल्यापासून मुकी झालेली.

साध्या डबीत बादलीतलं पाणी वाटेत सांडत जातं. या डबीत बादली वाटेत भरत जाते. ते पाणी कुठून येतं, हे मी विचारलंच नाही. विहिरीतूनच येणार.

मला भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ

दुकानात फोन लावला. बाई आधी उडवाउडवी करत होत्या. मी सगळं सांगितलं, तेव्हा कांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बोलल्या.

ही डबी एका गिटारवाल्याची. एकदा तो डबी, अ‍ॅम्प, गिटार, सगळं वायरींसकट कवटाळून दुकानात आला होता, चालू स्थितीत. यात माझी बायको आहे, कुणी वायर काढू नका, काहीतरी करा, असं रडत म्हणत होता. बाईंना वाटलं, प्यायलाय. तो बाहेर रिक्षातलं काहीतरी आणायला गेला, आणि बाईंनी डबी टेबलावर सरकवता सरकवता वायर काढली. बॅटरी उगाच जाते. आम्ही काढतोच, हात आपोआप जातो, असं म्हणाल्या.

दुकानात एक बाक आहे. त्यावर निळी शाल पांघरून कुणीतरी बसलं होतं असं त्यांना वाटत होतं. वायर काढल्यावर बघितलं तर बाकावर शालच होती. तो परत आला, त्याने डबीकडे बघितलं, मग बाकाकडे, आणि डबी तिथेच टाकून, शालीची घडी करून घेऊन गेला. आधीपासून नुसती शालच असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं तीच समजूत घालतेय, म्हणाल्या.

मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्या ऐकून घेत होत्या. मग एवढंच म्हणाल्या की ही डबी बॅटरी फार खाते. दिवा बघत राहा.

दिवा बघतोय. कालच्यापेक्षा मंद आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

झोपलो नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गिटारचा आवाज शून्यावर ठेवलाय, म्हणजे आता आत दुसरं काही जायला नको. डबीच्या आसपास कुणी बोलायचं नाही. बायकोला सांगितलं. मास्तरांनाही फोन करून सांगितलं, वायरला हात लावायचा नाही, काही झालं तरी. मास्तरांनी मला वेडा म्हटलं नाही. डबीचा तो आधीचा मालक त्यांच्याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याच्या लग्नात वाजवलंय मी, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

पिटूच्या पायांचा आवाज येत नाही आता. घरभर फिरते आणि येत नाही. तिला वाटतंय आम्ही लपाछपी खेळतोय, कारण आम्ही सारखे दचकून तिला शोधतो. तिच्यासमोर आम्ही यातलं काही बोलत नाही. उगाच घाबरेल.

दिवा अगदी विझायला आला. बॅटरी बदलायची म्हणजे क्षणभर वीज तुटणार, बादल्या रिकाम्या. मागचं झाकण उघडलं, जुन्या बॅटरीला हात न लावता दोन बारीक तारा तिच्या टोकांना डाग देऊन जोडल्या आणि दुसऱ्या बाजूला नवी बॅटरी. बायकोने टॉर्च धरला होता. एक ठिणगी उडाली, हाक अडखळली, बा— आणि परत सुरू झाली.

दिवा लख्ख. जमलं! बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. पिटू दोघांच्या मध्ये घुसली, तेव्हा आम्हाला कळलं की ती आली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

आशा आहे. लिहितो, लिहिलं की खरं वाटतं.

पिटू अ‍ॅम्पला पाठ टेकून बसली होती, स्पीकरच्या जाळीला अगदी चिकटून. मी आवाज थोडा वाढवला, तिची पाठ थरथरली, आणि तिला खोकला आला. आम्ही ऐकला! खरा, मोठ्ठा, तिचा खोकला. त्याच वेळी डबीतली हाक तेवढी मंद झाली. म्हणजे परत जातं. स्पीकरने अंगाला हादरे दिले की विहिरीत पाणी परत जातं. पिटू दोन शब्द बोलली, भूक लागली. मी आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलं नाही.

आमचा अ‍ॅम्प फार लहान. पुरता वाढवला तर स्पीकर फाटेल आणि मग सगळंच संपलं. क्लबातला मोठा हवा, कपाटाएवढा. मास्तर टेम्पो घेऊन निघतायत. उचलायला दुसरं माणूस हवं म्हणून बायको गेली. मी जातो म्हणत होतो, पण दिव्यावर लक्ष मीच ठेवायचं असं ठरलं. जाताना ती पिटूचे केस चाचपडत राहिली, हाताला लागेपर्यंत.

पिटू शेजारच्या खोलीत पलंगावर. बाहुलीला निजवतेय. उन्हात बसली की दिसत नाही, म्हणून तिथला पडदा ओढलाय.

जागं राहायला हवं. लिहीत राहतो.

बाबा. बाबा. बाबा. बरोबर ठेक्यात. अंगाईसारखं

नाही. उभं राहून लिहितो.

खाली चादरी वाळतायत. साबणाचा वास. बुधवारी याच खुर्चीत मी

बसलो. बसूनही लिहिता येतं. मोठा अ‍ॅम्प आला की तिला पाठ टेकवून बसवायचं, हळूहळू वाढवायचं, घाई नाही. मग ही डबी मी हातोड्याने. मग तिला घेऊन समुद्र दाखवायला

बाबा. बाबा. बा

—

डोळा लागला वाटतं. पेनाची रेघ कागदाबाहेर गेलीय. खाली हॉर्न वाजतोय. टेम्पो. आले, आले ते! बायकोचा आवाज, मास्तरांचा, जिन्यात काहीतरी जड आपटतंय

खोलीत इतकं शांत का आहे

दिवा—

मी झोपलो. वाजवणं थांबलं, बाबा झोपला, म्हणून ती—

बायकोला सांगितलं. मास्तरांना सांगितलं. दुकानवालीला सांगितलं. सगळ्यांना सांगितलं मी, एक तिलाच—

समोर उभी आहे. एकदाच बघितलं. दोन्ही हातांत वायरचं टोक. तिच्यातून मागची खिडकी दिसते, चादरी दिसतात. ओठ हलले. झोप आता.

मान खाली घालून लिहितोय. वर बघत नाही. बघितलं नाही तोवर ती आहे. उभी आहे. शाब्बास म्हटल्याशिवाय ती हलत नाही. कधीच हलत नाही. मी म्हणालोच नाही तर—

वाट बघतेय. कागदावर तिची सावली होती, ती—

पिटू, शाब्बास. वर बघतो हं. शाब्बास माझ्या बा